हॅमार्शिया, विष्कंभक आणि लाल पेन्सिल

यादी चाळीस संज्ञांची होती. सांगलीच्या एका कॉलेजात मराठी आणि संस्कृत नाटक शिकवून निवृत्त झालेल्या आत्याने ती वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती. पुण्याहून आलेल्या भाच्याने दुपारच्या चहाआधीच तिच्यातल्या निम्म्याहून अधिक संज्ञांवर लाल पेन्सिल फिरवली. खरे तर यादी मागितली होती त्यानेच. भाचा दिग्दर्शक. हौशी संघांची नाटके बसवतो, दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला एखादे उभे करतो. आता कॉलेजातल्या मुलांसाठी ‘जुनी नाटके कशी वाचावीत’ असे शिबिर घ्यायचे त्याच्या डोक्यात होते.

“हॅमार्शिया खोडलीस?” आत्याने पहिल्याच ओळीवर बोट ठेवले.

“सगळ्यात आधी तीच. आत्या, ही संज्ञा हातात आली की मुलं नाटक वाचायचं थांबवतात आणि निकाल द्यायला लागतात. ऑथेल्लोचा दोष संशय, मॅकबेथचा दोष महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटचा दोष दिरंगाई. झालं! पाच अंकांचं नाटक एका शब्दात आटोपलं.”

“ते ब्रॅडलीचं देणं आहे रे. ॲरिस्टॉटलवर कशाला राग काढतोस?”

आत्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ए. सी. ब्रॅडली यांचे शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरचे पुस्तक १९०४ साली आले. नायकाच्या स्वभावातच त्याच्या नाशाचे मूळ शोधायची सवय इंग्रजी शिकणाऱ्या पिढ्यांना त्याने लावली आणि आपल्याकडच्या विद्यापीठांनी ती तशीच उचलली. ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तल्या तेराव्या प्रकरणाचा रोख वेगळा आहे. शोकांतिकेचा नायक अगदी पुण्यवान नसावा आणि दुष्टही नसावा. तो खाली येतो तो दुर्गुणामुळे येत नाही, हातून घडलेल्या एका मोठ्या चुकीमुळे येतो. ही चूक पुष्कळदा अजाणता होते. आपण मारतोय तो कोण आणि लग्न करतोय ती कोण हे ठाऊक नसल्यामुळे होते.

“ईडिपसचा दोष सांग,” आत्या म्हणाली.

“तापटपणा. गाइडमध्ये तेच असतं.”

“गाइड राहू दे. बापाला मारून आईशी लग्न करशील असं भविष्य कळल्यावर तो काय करतो? घर सोडतो. कॉरिंथच्या राजाराणीला तो आईबाप समजतोय, म्हणून त्यांच्यापासून लांब जातो. त्याच्या जागी एखादा सज्जन मुलगा असता तर त्यानंही हेच केलं असतं. आणि त्याच वाटेवर त्याला खरा बाप भेटतो. तापट नसता तर कदाचित वाचलाही असता. पण शहाण्यासारखं वागूनच तो त्या वाटेला लागला, हे तुझ्या गाइडमध्ये कुठे आहे?”

भाच्याला हे पटले, पण पेन्सिल त्याने खाली ठेवली नाही. त्याचा मुद्दा तालमीतला होता. नटाला हॅमार्शिया करता येत नाही. ‘एकच प्याला’तल्या सुधाकराचे काम करणाऱ्या पोराला ‘हा तुझा शोकात्म प्रमाद’ असे सांगितले तर ते पोर पहिल्या प्रवेशापासूनच खांदे पाडून वावरू लागते. सुधाकर हुशार वकील आहे, मानी आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सनद काही काळासाठी जाते. अपमान विसरायला तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. त्या क्षणी नटाच्या डोक्यात एकच गोष्ट हवी: आजच्या रात्रीपुरते, फक्त एकदा.

“आणि प्रेक्षकाच्या डोक्यात?” आत्याने विचारले.

“प्रेक्षकाला माहीतच असतं. नाटकाचं नाव वाचूनच आलेला असतो तो.”

“मग झालं की. त्याला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. याला काय म्हणतात?”

“नाट्यगत उपरोध,” भाचा म्हणाला. “तो मी खोडलेला नाही, बघ.”

‘एकच प्याला’चे लेखक गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. सिंधूचे काम बालगंधर्वांचे. शंभर वर्षे उलटली तरी सुधाकरावरच्या परीक्षेतल्या उत्तरांत ‘मद्यपान हा नायकाचा दोष’ हे वाक्य हटत नाही. मद्यपान हे परिणामाचे नाव आहे. पहिला पेला हातात घेताना सुधाकर एका जखमेवर औषध घेत असतो, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला ते विष दिसत असते. शिबिरात शिकवायची ती ही फट. तिला कोणती संज्ञा लावायची यावर आत्या-भाच्याचे जमत नव्हते, इतकेच.

इथून पुढची सगळी दुपार एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली, आणि तो प्रश्न आधी भाच्याच्या तोंडून निघाला. “आत्या, मला असं वाटतं की संज्ञांचे दोन गट आहेत. एक गट निवाडा करणारा. त्यात दोष, स्वभावरेखाटन, संदेश, मध्यवर्ती कल्पना असलं सगळं येतं. दुसरा गट सांगतो की या क्षणाला कोणाला काय ठाऊक आहे. मला दुसरा गट पाहिजे. पहिला गट परीक्षेला राहू दे.”

“बरं. मग ईडिपसकडेच परत ये. पेरिपेटिया आणि अनॅग्नोरिसिस. विपर्यास आणि अभिज्ञान. ह्या दोन्हींवर तू रेघ मारली आहेस.”

“नावं जड आहेत.”

“नावं जड आहेत, काम हलकं आहे. सांगते.”

सोफोक्लिजचे ‘ईडिपस’ पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले. त्यात कॉरिंथहून एक म्हातारा निरोप्या येतो. त्याच्याकडे बातमी आहे तिथला राजा वारल्याची, आणि ईडिपसच्या दृष्टीने ती सुटकेची बातमी आहे: ज्याला आपण बाप समजत होतो तो आपल्या हातून मेला नाही, भविष्य खोटे ठरले. पण आईविषयीची भीती अजून उरली आहे. तीही घालवावी म्हणून निरोप्या चांगुलपणाने सांगतो की ती तुझी जन्मदाती नव्हेच, तान्हेपणी तुला मीच त्यांच्या हाती दिले होते. धीर द्यायला आलेल्या माणसाच्याच तोंडून घर कोसळते. घटना भलत्या दिशेला वळते तो विपर्यास. अज्ञानातून ज्ञानात येणे ते अभिज्ञान. दोन्ही एकाच वेळी घडतात तेव्हा गुंफण सर्वोत्तम, असे ॲरिस्टॉटलचे मत, आणि त्यासाठी त्याने उदाहरण दिले आहे ते ह्याच नाटकाचे.

“आता बघ, कळतं कोणाला कधी,” आत्या पुढे म्हणाली. “अथेन्सच्या प्रेक्षकाला गोष्ट लहानपणापासून ठाऊक. आंधळ्या टायरेसियसला ठाऊक. मग योकास्टा. निरोप्या बोलत असतानाच तिला उमगतं. पुढे विचारू नकोस म्हणून ती विनवते आणि आत निघून जाते. ईडिपस सगळ्यात शेवटी. ज्याने चौकशी सुरू केली, त्यालाच सगळ्यात उशिरा कळतं. एवढं समजल्यावर मुलं ते नाटक हातातून खाली ठेवतील का रे?”

भाचा थोडा वेळ गप्प होता. दिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे बहुधा योकास्टेची एक्झिट आली असावी. निरोप्याचे संवाद चालू आहेत, सगळे त्याच्याकडे बघताहेत, आणि खरे नाटक घडते आहे ते बाजूला उभ्या राहिलेल्या, एक शब्दही न बोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर. हौशी प्रयोगांत नेमक्या अशाच वेळी प्रकाश बोलणाऱ्यावर टाकतात.

विपर्यास आणि अभिज्ञान यादीत परत आले.

पताकास्थानकाच्या वेळी मात्र भाच्याने हट्ट धरला. हा शब्द आज कोणी वापरत नाही, नाट्यशास्त्राच्या पेपरापलीकडे त्याला जागा नाही. आत्याने वाद न घालता भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’चा दुसरा अंक सांगितला. दुर्योधन आपल्या राणीची, भानुमतीची, समजूत काढतो आहे. तिला वाईट स्वप्न पडले आहे आणि बाहेर वादळ सुटले आहे. तुला बसायला माझ्या मांड्या पुरेशा आहेत अशा अर्थाचे काहीतरी तो लाडिकपणे बोलतो. कुठल्या मांड्या? ज्या उघड्या टाकून त्याने भरसभेत द्रौपदीला हिणवले आणि ज्या फोडण्याची भीमाने प्रतिज्ञा केली आहे, त्याच. त्याचे वाक्य पुरे होते न होते तोच कंचुकी धावत येतो आणि काहीतरी मोडल्याचे सांगतो. कोणी मोडले? भीमाने. कोणाचे? तुमचे. राजा खवळतो. मग खुलासा होतो की भीम म्हणजे भयंकर अशा वाऱ्याने महाराजांच्या रथाचा ध्वज मोडला. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त पताकास्थानकाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग घेतला आहे. एका गोष्टीविषयी बोललेले शब्द अचानक दुसऱ्याच गोष्टीला चिकटतात आणि पुढे काय होणार ते सुचवून जातात.

“अरे, हे तर सगळं टायमिंगवर आहे!” भाचा उठून उभाच राहिला. “कंचुकीची एंट्री दोन सेकंद उशिरा झाली तर मांडी आणि मोडणं यांचा सांधा तुटला. दोन सेकंद आधी झाली तर दुर्योधनाचं वाक्य खाल्लं जाणार. आणि कंचुकी म्हातारा, धापा टाकणारा, म्हणून तो तुटक बोलतो. म्हणजे धाप लागणं ही नटाची गंमत नाही, ती नाटककाराचीच गरज आहे!”

“हे विश्वनाथाने लिहिलेलं नाही हं,” आत्या हसत म्हणाली. “हे तुझं.”

रंगमंचावरच्या माणसाला न कळणारा अर्थ पिटातल्या माणसाला कळतो, ही ताकद शास्त्रकारांइतकीच सरकारलाही एकदा कळली होती. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. महाभारतातलीच कथा, विराटाचा राजवाडा, माजलेला कीचक, गप्प बसणारा धर्मराज, संतापलेला भीम. नाटकात इंग्रजांचे नाव कुठेही नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे प्रेक्षकांनी आपोआप ओळखले. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. रूपक ही संज्ञा समजावून सांगायला याहून सोयीचा पुरावा मिळणे कठीण आहे, कारण इथे उत्तर तपासणारे खुद्द मुंबई सरकार होते.

तीन ऐक्यांच्या बाबतीत दोघांचे लगेच एकमत झाले. काल, स्थळ आणि क्रिया यांची ऐक्ये ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवली जातात. प्रत्यक्षात त्याचा आग्रह फक्त क्रियेच्या ऐक्याचा. काळाविषयी त्याने एक निरीक्षण नोंदवले आहे, स्थळाविषयी नियम नाहीच. तीनही नियम ठोकून बसवले ते १५७० साली इटलीतल्या कास्तेलवेत्रोने. त्यावरून १६३७ मध्ये कोर्नेयच्या ‘ल सिद’चा पॅरिसमध्ये केवढा गदारोळ झाला, आणि शेक्सपिअरच्या बाजूने सॅम्युएल जॉन्सनला १७६५ सालीही लेखणी चालवावी लागली. इतिहास म्हणून गमतीचा आहे, शिबिरात वेळ घालवण्याइतका नाही. गुस्ताफ फ्रायटागचा १८६३ सालचा चढता-उतरता त्रिकोणही भाच्याने खोडला. आत्याने फक्त एवढेच म्हटले की त्या त्रिकोणापेक्षा मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी ‘शाकुंतला’ला जास्त नीट बसतात. भाच्याने मान डोलावली आणि तेही खोडले.

‘देवाची यंत्रातून स्वारी’ मात्र आत्याला हवी होती. ग्रीक रंगभूमीवर क्रेनसारख्या यंत्राने देव वरून उतरवत आणि अडलेले नाटक सोडवत. युरिपिडिजची मिडिया शेवटी सूर्याच्या रथातून निसटते, आणि त्याबद्दल ॲरिस्टॉटलने त्याला बोलही लावला आहे. “मुलांना लांब कशाला न्यायचं,” आत्या म्हणाली, “आमचे देवल इथले हरिपूरचे. ‘शारदा’ १८९९ ची. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावलेलं लग्न मोडतं कशामुळे? तो म्हातारा आहे म्हणून? नाही! सगोत्र निघाले म्हणून. समाजाचा प्रश्न नाटकभर मांडला आणि सोडवला मात्र पंचांगाने.”

“पण त्या काळात तेवढाच मार्ग प्रेक्षक चालवून घेणार होते.”

“असेल. म्हणून तर मुलांना विचारायचं, की दोरी कुठून सुटली. आतून की वरून?”

ही एक खूण भाच्याने पेन्सिलीने नव्हे, पेनने केली.

स्वगताकडे वळल्यावर बाजू उलटल्या. भाच्याला स्वगत हवे होते, आणि आत्याने त्याला आठवण करून दिली की आजचे नट स्वगताला लाजतात. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत कंसात ‘स्वगत’ आणि मग ‘उघड’ असे येत राहते. आजचा नट ते वाक्य खिडकीबाहेर बघत पुटपुटतो. संस्कृतात तर याच्या छटा आणखी वेगळ्या होत्या. स्वगत म्हणजे फक्त प्रेक्षकांनी ऐकायचे. जनांतिक म्हणजे तीन बोटे उभी धरून, हाताचा आडोसा करून एकाशीच बोलायचे. बाकीच्या पात्रांना ते ऐकू येत नाही असे सगळ्यांनी मानायचे. अपवारित म्हणजे दुसऱ्याकडे वळून गुपित सांगायचे. नुसत्या हाताच्या आणि मानेच्या ठेवणीवरून पिटातल्या माणसाला कळायचे की आता कोणाच्या कानापर्यंत शब्द पोचताहेत.

“आणि ‘ऑथेल्लो’तला इयागो?” भाचा म्हणाला. “स्वगत नसतं तर त्याचा खरा डाव आपल्याला कळलाच नसता. तो प्रेक्षकांना एकटं गाठून बेत सांगतो. एकदा सांगितला की आपण त्याच्या कटात आलो. मग रंगमंचावर जो तो त्याला प्रामाणिक म्हणतो आणि आपण खुर्चीत चुळबुळ करतो. ओरडून सांगताही येत नाही. देवलांनी त्याच नाटकावरून केलेल्या ‘झुंझाररावा’तही ती चुळबुळ आलीच असणार.”

“तुझी आवडती बेणारे घे. शेवटचं भाषण.”

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे तेंडुलकरांचे १९६७ सालचे नाटक. एक दिवस, एक सभागृह, एक लुटुपुटीचा खटला. म्हणजे खोडलेली ती तीनही ऐक्ये इथे कोणी न सांगता पाळलेली आहेत. शेवटी आरोपीला आपली बाजू मांडायला दहा सेकंद मिळतात. प्रकाश बदलतो, बाकीची पात्रे जागच्या जागी थिजतात आणि लीला बेणारे बोलत सुटते. शरीर, प्रेम, आयुष्य, शाळेतली मुले, सगळे. भाषण संपते आणि कोर्टाच्या हिशेबी आरोपीला काहीही म्हणायचे नसते. दहा सेकंद संपलेले असतात. ती खरेच बोलली की नाही? रंगमंचावरच्या एकाही माणसाने ऐकलेले नाही. ऐकले फक्त तिकीट काढून बसलेल्यांनी. तेंडुलकरांनी जुने स्वगत वास्तववादी नाटकात परत आणले, आणि त्या स्वगताचा मूळ करारच इथे शिक्षेसारखा वापरला.

आत्याला हे नवे नव्हते. पण करार हा शब्द भाच्याने वापरल्यावर तिने तो स्वतःच्या वहीत टिपून घेतला.

खरी चकमक झाली ती कॅथार्सिसवरून. भाच्याच्या मते यादीतला हा सगळ्यात निरुपयोगी शब्द. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या व्याख्येत करुणा आणि भीती यांच्या संदर्भात तो एकदा वापरला आणि ‘काव्यशास्त्रा’चा जो भाग आपल्यापर्यंत आला आहे त्यात त्याचा खुलासा केलाच नाही. ‘राज्यशास्त्रा’त संगीताविषयी बोलताना मात्र तो म्हणतो की हे पुढे काव्याच्या ग्रंथात नीट सांगेन. विरेचन, शुद्धी की उमज, यावर पंडित अजून भांडताहेत. “आणि समजा कळलंच,” भाचा म्हणाला, “तरी मला प्रेक्षक हलका करून घरी पाठवायचा नाही. ब्रेख्तने तेच नाकारलं. रडून मोकळं झालेला माणूस उद्या काही करत नाही. ‘घाशीराम’ बघून कोण मोकळा झाला?”

“घाशीरामच्या त्या ब्राह्मणांच्या रांगेला तू कोरस म्हणशील ना?” आत्याने मध्येच विचारले.

“म्हणेन. पण ग्रीक कोरससारखा नाही. तो बाजूला उभं राहून हळहळतो. हे लोक नाचतात, गातात, क्षणात पडदा होतात, क्षणात भिंत होतात आणि मागे काय चाललंय ते झाकतात. १९७२ मध्ये लोक चिडले त्याचं एक कारण हेही असेल. साक्षीदारच सामील निघाला.”

“पटलं. तरीही कॅथार्सिस राहू दे. आपल्याकडे रस म्हणतात तो निराळा, तिथे शोकाचा निचरा करायचा नसतो, त्याची चव घ्यायची असते. दोन रंगभूमींनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरं आहेत: दुसऱ्याचं दुःख बघायला आपण पैसे मोजून का जातो? तुझ्या ब्रेख्तचं तिसरं. मुलांना तिन्ही सांग. उत्तर नको सांगूस.”

“प्रश्न म्हणून ठेवतो. संज्ञा म्हणून नाही.”

“हट्टी आहेस.”

या वादात हे लिहिणाऱ्याचा कौल थोडा आत्याकडे जातो, पण कारण वेगळे आहे. विनोदी प्रवेश घ्या. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून झाल्यावर दारावर थापा पडतात आणि झिंगलेला द्वारपाल बडबडत येतो. पाठ्यपुस्तके याला विनोदी विसावा म्हणतात. १८२३ साली टॉमस डी क्विन्सीने त्या थापांवर एक निबंधच लिहिला, आणि त्याला विसावा दिसला नाही. त्याच्या मते त्या थापांनी थांबलेले जग पुन्हा चालू होते आणि म्हणूनच मधला काळ किती भयानक होता ते जाणवते. ‘एकच प्याला’तले आर्यमदिरामंडळ तसेच आहे. तळीराम आणि त्याच्या टोळक्याच्या तर्कटांना थिएटर खदखदून हसते. दारूचे समर्थन इतके चटकदार आहे की हसणारा माणूस क्षणभर त्या मंडळाचा सभासद होतो. मग सुधाकर त्याच वाटेने जातो आणि शेवटी पोर मरते, सिंधू मरते. मघाशी हसलेल्याला आता सहज रडता येत नाही. निचरा व्हायचा तर आधी घशात काहीतरी अडकावे लागते, आणि ते अडकवण्याचे काम गडकऱ्यांनी विनोदाला दिले आहे. ब्रेख्तला हवी ती अस्वस्थता आणि ॲरिस्टॉटलला हवी ती करुणा एकाच रात्री, एकाच खुर्चीत येऊ शकतात. दोघांपैकी एकाला शिबिराबाहेर ठेवायची गरज दिसत नाही.

दिवेलागणीला यादीत एकच मोठा अडथळा उरला होता. विष्कंभक.

“हे मात्र मेलेलं आहे,” भाचा म्हणाला. “दोन अंकांच्या मधला जोडप्रवेश. काय घडलं, काय घडणार याची माहिती. आपण आज ब्लॅकआउट करतो आणि पुढे जातो.”

“‘शाकुंतला’त दुर्वासाचा शाप कुठे आहे?”

“चौथ्या अंकात.”

“चौथ्या अंकाच्या आधीच्या विष्कंभकात.”

नाटकातली सर्वांत मोठी घटना कालिदासाने अंकात ठेवलेली नाही. अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचताहेत. आडून आवाज येतो. दुर्वास दारात आलेला असतो आणि दुष्यंताच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेला त्याची हाक ऐकू आलेली नसते. शाप तिला दिला जातो आणि ती तो ऐकतच नाही. प्रियंवदा ऋषीच्या मागे धावते आणि ओळखीची वस्तू दाखवली की शाप सरेल एवढा उःशाप पदरात पाडून घेते. मग दोघी ठरवतात की नाजूक मैत्रिणीला हे सांगायचे नाही. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाहीच. तिथला दुष्यंत सारे आठवत असूनही लोकापवादाच्या भीतीने नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर मान्य करतो. विसर आणि अंगठी नाटकात आली आणि कथेचे गणित बदलले.

“आता तुझा दुसरा गट लाव,” आत्या म्हणाली. “कोणाला ठाऊक? दोघी मैत्रिणींना आणि आपल्याला. पाचव्या अंकात शकुंतलेबरोबर हस्तिनापूरला कोण जातं?”

“गौतमी. शार्ङ्गरव. शारद्वत.”

“मैत्रिणी जात नाहीत. सांगू शकणाऱ्या दोघींना कालिदासाने आश्रमातच ठेवलं. राजदरबारात ती उभी आहे, राजा ओळखत नाही, शिष्य संतापलेत, आणि त्या अख्ख्या रंगमंचावर शापाची माहिती असलेला एकही माणूस नाही. ती फक्त प्रेक्षकाला आहे. दुष्यंत खोटं बोलत नाहीये हे आपल्याला कळतं, शकुंतला खरी आहे हेही कळतं. राग धरायला माणूसच उरत नाही. सहाव्याच्या आधी प्रवेशक, तो कोळी आणि ते शिपाई, प्राकृतात भांडणारे. अंगठी राजाकडे जाते, त्याला आठवतं, पण आपण का विसरलो ते त्यालाही कळत नाही. ते कळतं थेट सातव्या अंकात, मारीच ऋषी सांगतात तेव्हा. शकुंतलेलाही तेव्हाच. आणि हे सगळं उभं कशावर? तू ब्लॅकआउट करणार होतास त्या जोडप्रवेशावर.”

भाचा आता पेन्सिलीचे टोक चावत होता. “किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात आपल्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चारच अंकांचा, नाही का? म्हणजे त्या रात्री लोक शाप ऐकून आणि शकुंतलेची पाठवणी बघून घरी गेले. पुढचं राहिलंच.”

“हो. मध्यंतर म्हणायचं तर फारच लांबलं.”

“मग शिबिरात मीही चौथ्यालाच थांबतो. एक दिवस जाऊ दे मध्ये. दुर्वास मात्र मला आडून नको. मला तो दिसायला हवा, आणि शकुंतला रंगमंचावर, त्याच्याकडे पाठ करून. एवढा आवाज थिएटरभर घुमतोय आणि तिला ऐकू येत नाही.”

“कालिदासाने तिला कुटीत बसवलंय. मैत्रिणींना ती दिसते, चित्रासारखी बसलेली. आपल्याला दाखवलीच पाहिजे असं नाही. तू दाखवलीस की लोक तिच्याकडे बघत बसतील आणि शाप त्यांच्या कानावरून जाईल.”

“उलट होईल. ती ऐकत नाही हे बघताना शाप दुप्पट ऐकू येईल.”

“आणि ऋषी डोळ्यांसमोर उभा राहिला की तो खलनायक होतो. मघाशी म्हटलं ना, राग धरायला माणूस ठेवलेला नाही. तूच एक आणून उभा करतोयस.”

याला भाच्याकडे तयार उत्तर नव्हते. त्याने यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक चौकोन काढला, विंगा दाखवल्या, फुले वेचणाऱ्या दोघींच्या जागी दोन फुल्या मारल्या आणि कुटीसाठी डावीकडे एक रेघ ओढली. आत्याने चष्मा लावून ती रेघ उजवीकडे हवी असल्याचे सांगितले.

“दोन्ही तऱ्हांनी करून बघ,” ती म्हणाली. “एकदा माझं, एकदा तुझं. आणि विष्कंभक हा शब्द मुलांना नंतर सांग, आधी नको.”

“आणि हॅमार्शिया?”

“ती बारावी उलटलेल्यांना. पण सांग.”

“बघतो,” भाचा म्हणाला, आणि पेन्सिल खिशात टाकून चहाचे कप उचलायला लागला.